बक-टिकचा १९९२ चा अल्बम: गाणी जुनीच, पण 'बेस्ट ऑफ' नव्हे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: 'ट्रिनिटी ब्लड' या अ‍ॅनिमेच्या शीर्षकगीतामुळे बक-टिक हा जपानी रॉक बँड माहीत झाला. मग मागे मागे जात 'कोरोशी नो शिराबे' हा १९९२ चा अल्बम ऐकला. गाणी सगळी आधीच्या अल्बममधलीच आहेत, पण तिथे ऐकली तर वेगळीच वाटतात. मग हा 'बेस्ट ऑफ' आहे, की रीमास्टर, की आणखी काही? आणि चार-पाच वर्षांत आपलीच गाणी पुन्हा रेकॉर्ड करायची वेळ का यावी?

मी रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या धंद्यात बरीच वर्षं आहे. जुनं गाणं नव्याने रेकॉर्ड करायला आलेले गायक-वादक काचेच्या या बाजूने पुष्कळ पाहिलेत. त्यामुळे हे उत्तर चाहत्याचं कमी आणि कारागिराचं जास्त असेल.

आधी सरळ उत्तर देतो. हा बेस्ट ऑफ नाही आणि रीमास्टरही नाही. मार्च १९९२ मध्ये आलेल्या या अल्बममधली गाणी बँडने पुन्हा स्टुडिओत जाऊन, पुन्हा वाजवून आणि पुन्हा गाऊन रेकॉर्ड केली आहेत. बऱ्याच गाण्यांची रचनाही बदलली आहे. कोणी गैरसमज करून घेऊ नये म्हणून 'धिस इज नॉट ग्रेटेस्ट हिट्स' असं उपशीर्षकच त्यांनी कव्हरवर टाकलं. जपानमध्ये या प्रकाराला 'सेल्फ कव्हर' म्हणतात. माझ्या मते हा संग्रह १९९१ चा 'कुरुत्ता तायो' आणि १९९३ चा 'डार्कर दॅन डार्कनेस' यांच्या मधला एक स्वतंत्र स्टुडिओ अल्बम म्हणूनच ऐकायला हवा. तसा ऐकला तर त्या दोन अल्बममध्ये बँडची जी उडी दिसते तिचा उलगडा होतो. नुसता संग्रह समजून ऐकला तर 'मूळ बरं की नवं बरं' या वादातच माणूस अडकतो.

आता रीमास्टर, रीमिक्स आणि पुन्हा रेकॉर्ड या तीन गोष्टींचा घोळ. स्ट्रीमिंग अ‍ॅपवर एकाच गाण्याच्या चार-चार आवृत्त्या दिसतात आणि कोणती काय आहे ते कळत नाही, म्हणून हे आधी निस्तरू. नशिबाने बक-टिकच्या एकाच गाण्यावर तिन्ही गोष्टी दाखवता येतात.

'आकु नो हाना' हे गाणं घ्या. १९९० च्या जानेवारीत ते सिंगल म्हणून आलं आणि ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या रेकॉर्डविक्रीच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्याच महिन्यात त्याच नावाचा अल्बम आला. नाव फ्रेंच कवी बोदलेरच्या प्रसिद्ध कवितासंग्रहावरून घेतलेलं, आणि गायक आत्सुशी साकुराईच्या शब्दांवर त्या संग्रहाची सावली आहेच. २००२ मध्ये व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीने बँडचे जुने अल्बम डिजिटल रीमास्टर करून पुन्हा काढले. रीमास्टर म्हणजे तयार मिक्सला, म्हणजे सगळी वाद्यं आणि आवाज जुळवून केलेल्या रेकॉर्डिंगला, हात न लावता त्याची एकूण पातळी आणि स्वरांचा तोल नव्याने बसवणं. गायकाचा आवाज आणि ड्रम यांचं आपसातलं नातं त्यात बदलता येत नाही. मग २०१५ मध्ये या अल्बमचं नवं मिक्स आलं. तिथे मूळच्या सुट्या ट्रॅकवर परत गेले: वाजवणं १९९० चंच, पण कोण पुढे, कोण मागे, कुणावर किती घुमारा, हे सगळं नव्याने ठरवलं. आणि या दोन्हींच्या आधी, १९९२ मध्ये, हेच गाणं 'कोरोशी नो शिराबे'साठी बँडने नव्याने वाजवलं. तिथे टेपही नवी आणि हातही नवे.

तिन्ही एकापाठोपाठ ऐकलीत तर दहा लेख वाचून कळणार नाही ते अर्ध्या तासात कळेल. फक्त आवाजाची पातळी आधी सारखी करून घ्या, त्याबद्दल शेवटी सांगतो.

रीमिक्सचा रस्ता या बँडला १९९२ च्या आधीच ठाऊक होता, हे लक्षात ठेवा. १९८७ मध्ये ताइयो रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीतर्फे त्यांचा पहिला अल्बम 'हरी अप मोड' निघाला होता, आणि १९९० मध्ये व्हिक्टरने त्याचं नवं मिक्स बाजारात आणलं. म्हणजे जुन्या टेपवर नवा रंग चढवून काय साधतं आणि काय साधत नाही, हा अनुभव गाठीशी होता. त्यानंतर दोन वर्षांनी ते पुन्हा वाजवायलाच बसले, याचा अर्थ अडचण मिक्सची नव्हती. टेपवर जे वाजलं होतं त्यातच ती होती, निदान त्यांच्या कानाला तरी.

का, ते समजायला बँडचा सुरुवातीचा वेग पाहावा लागतो. गुन्मा प्रांतातली ही मुलं. १९८३ मध्ये तिथल्या फुजिओका गावात बँड सुरू झाला तेव्हा स्टॅलिन या जपानी पंक बँडची गाणी वाजवायचे. हिसाशी इमाई आणि हिदेहिको होशिनो गिटारवर, युताका हिगुची बेसवर. ड्रमवर होता साकुराई. हो, पुढे ज्याच्या आवाजाने पिढ्या वेड्या केल्या तो माणूस आधी ड्रमर होता. जुना गायक बँडबाहेर गेल्यावर तो पुढे माइकपाशी आला, आणि ड्रमवर १९८५ मध्ये हिगुचीचा थोरला भाऊ टोल यागामी बसला. हे पाच जण त्यानंतर अडतीस वर्षं बदलले नाहीत.

हिशेब करून पाहा. १९८५ मध्ये पुढे आलेला गायक १९८७ मध्ये पहिला अल्बम गातो. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात व्हिक्टरसाठीचा पहिला अल्बम. १९८८ मध्ये 'रोमानेस्क' हा छोटा अल्बम आणि 'सेव्हंथ हेवन' हा मोठा. १९८९ च्या जानेवारीत लंडनमध्ये रेकॉर्ड केलेला 'टॅबू', जो ओरिकॉनवर पहिला आला. १९९० च्या फेब्रुवारीत 'आकु नो हाना'. तीन वर्षांच्या आत पाच अल्बम आणि एक अर्धा, शिवाय मधले दौरे, टीव्ही, जाहिराती. 'जस्ट वन मोअर किस' हे १९८८ चं गाणं तर व्हिक्टरच्या सीडी-कॅसेट प्लेअरच्या जाहिरातीत वाजायचं आणि बँड स्वतः त्यात दिसायचा. १९८९ मध्ये इमाईला अमली पदार्थाच्या प्रकरणात अटक झाली, काही महिने सगळं थांबलं, आणि वर्षअखेरीस टोकियो डोममध्ये मोठ्या कार्यक्रमाने पुनरागमन झालं. एवढ्या धावपळीत कुठल्या गाण्याला स्टुडिओत मुरायला वेळ मिळणार?

या वेगात रेकॉर्ड केलेल्या गाण्यांची एक खूण असते आणि ती सवयीच्या कानाला लगेच कळते. गाणं कागदावर पूर्ण असतं, पण वादकांच्या अंगात उतरलेलं नसतं. कडव्यातून मुखड्यात येताना सगळे किंचित घाई करतात. गायक ओळीचा शेवटचा स्वर पूर्ण न धरता पुढच्या ओळीकडे पळतो, कारण ती ओळ चुकेल ही भीती असते. ड्रमर प्रत्येक जागी भरणी घालतो, कारण कुठली जागा रिकामी ठेवायची हे शंभरदा वाजवल्याशिवाय कळत नाही. गाणं आधी रेकॉर्ड होतं आणि नंतर रस्त्यावर मोठं होतं, हा रॉक बँडच्या व्यवहाराचा उलटा क्रम आहे. ते मोठं झालेलं गाणं मात्र रेकॉर्डवर कधीच येत नाही. मुद्दाम आणलं तरच येतं.

इथे आपल्या वाचकाला लगेच ख्यालगायकीची आठवण होईल: तीच बंदिश विशीत वेगळी, साठीत वेगळी. पण ही तुलना फार ताणू नये. ख्यालात रेकॉर्ड ही एका मैफलीची नोंद असते, खरी बंदिश तिच्याबाहेर जिवंत असते. रॉकमध्ये रेकॉर्ड हीच मूळ वस्तू. श्रोत्याने गिटारचा अमुक आवाज, अमुक क्षणी येणारी किंकाळी, सगळं पाठ केलेलं असतं, आणि कार्यक्रमालाही तो तेच शोधायला येतो. म्हणून रॉक बँडने आपली रेकॉर्ड पुन्हा करणं ही गोष्ट ख्यालगायकाने बंदिश पुन्हा गाण्याएवढी निरुपद्रवी नाही. श्रोत्याच्या मनातल्या प्रतीवरच हात पडतो.

मग हे धाडस १९९२ मध्येच का? माझ्या मते त्याचं कारण 'कुरुत्ता तायो'. फेब्रुवारी १९९१ चा हा अल्बम म्हणजे या बँडने स्टुडिओ नावाचं वाद्य शिकून घेतल्याचा दाखला आहे. तोवर त्यांच्या रेकॉर्डिंगचा नमुना होता 'पाच जण खोलीत वाजवतायत, ते पकडा' असा. इथे पहिल्यांदा गिटारवर गिटार चढली, आवाजावर आवाज, इलेक्ट्रॉनिक आवाजांचे थर, आणि प्रत्येक थराला कानात स्वतःची जागा. 'स्पीड'चा चकचकीत धक्का आणि 'ज्युपिटर'मधली पोकळी एकाच अल्बममध्ये बसते ती यामुळे. 'ज्युपिटर'ची चाल होशिनोची, अकुस्टिक गिटारवर उभी राहिलेली. शब्दांमागे साकुराईच्या आईचं १९९० मधलं निधन आहे. त्या सुमारास त्याचं लिहिणंच बदललं. आधीच्या गाण्यांतली मोहक, नटवी अंधारी प्रतिमा मागे सरली आणि तो स्वतःचं काही सांगू लागला. गाणाराही बदलला: खालच्या पट्टीत, छातीतून, सावकाश.

आता स्वतःला त्यांच्या जागी ठेवून पाहा. असा अल्बम हातून झाला आहे, आणि दौऱ्यावर रोज रात्री १९८७-८८ ची गाणीही वाजवायची आहेत. मंचावर ती गाणी नव्या गाण्यांच्या शेजारी बसतात, कारण तिथे आजचे हात वाजवतात. पण दुकानात तीच गाणी जुन्या, पातळ रेकॉर्डिंगमध्ये पडून आहेत. कंपनीने साधा बेस्ट ऑफ काढला असता तर एकाच सीडीवर १९८७ चा घाबरलेला गायक आणि १९९१ चा मुरलेला गायक आलटून पालटून आले असते. 'नॉट' हा शब्द उपशीर्षकात आला तो या पार्श्वभूमीवर, असं मी समजतो. कंपन्यांना बेस्ट ऑफ नेहमीच सोयीचा असतो. खर्च जवळजवळ शून्य, विक्री ठरलेली. बँडने त्या जागी महागडा पर्याय निवडला.

एक शंका हमखास येते: हक्कांसाठी केलं असेल का? टेलर स्विफ्टने २०२१ पासून आपले जुने अल्बम पुन्हा रेकॉर्ड केले ते मूळ टेपची मालकी तिच्याकडे नव्हती म्हणून, आणि तेव्हापासून पुन्हा केलेल्या प्रत्येक रेकॉर्डिंगमागे लोक हेच कारण शोधतात. जपानमध्येही मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क, त्याला ते 'गेनबान-केन' म्हणतात, बहुधा कंपनीकडे किंवा व्यवस्थापनाकडे असतो. तेच गाणं दुसऱ्या कंपनीसाठी काही वर्षं रेकॉर्ड करायचं नाही, अशी अट करारांत नेहमीची. पण बक-टिकला हे लागू होत नाही. जुनी व्हिक्टरची गाणी व्हिक्टरसाठीच पुन्हा केली, आणि 'हरी अप मोड'सुद्धा व्हिक्टरने आधीच काढला होता. बँडने कंपनी बदलली ती पुढे, १९९७ चा 'सेक्सी स्ट्रीम लायनर' मर्क्युरीकडून आला तेव्हा. १९९२ मध्ये वकिलांचा काही संबंध नव्हता.

आता गाण्यांकडे येतो, कारण खरा माल तिथेच आहे.

'आयकॉनोक्लाझम' हे मूळ 'टॅबू'मधलं, शब्द आणि चाल दोन्ही इमाईची. एकच खडबडीत गिटारचा तुकडा फिरत राहतो आणि त्यावर इंग्रजीत जवळजवळ घोषणांसारखे शब्द. असल्या गाण्यात चाल अशी काही नसतेच, सगळी भिस्त आवाजाच्या पोतावर. १९८९ मध्ये कल्पना होती, पोत नव्हता. १९९२ मध्ये गिटारचे थर दाट झाले आणि ड्रम त्या थरांच्या आत जाऊन बसले. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ते वरवर तरंगल्यासारखे वाटतात. या अल्बमची सुरुवात याच गाण्याने होते, आणि ती योग्य आहे. पहिल्या मिनिटातच कळतं की हे जुनं कपाट झाडून काढलेलं सामान नाही.

'व्हिक्टिम्स ऑफ लव्ह' हा माझ्या मते या अल्बमचा कळस. 'सेव्हंथ हेवन'मधलं मूळ गाणं चांगलं आहे, पण १९८८ च्या बँडला अंधार दाखवायचा म्हणजे काय करायचं एवढंच माहीत होतं. थांबायचं कसं ते माहीत नव्हतं. इथे ते संथ, लांब आणि जड झालं आहे. वादकांसाठी लय कमी करणं ही सर्वांत कठीण गोष्ट. मंचावर वाजवून वाजवून गाणी वेगवान होतात, हा निसर्गनियम समजा. टाळ्या, घाम, उत्साह, सगळं पुढे ढकलतं. त्यामुळे वर्षानुवर्षं वाजवलेलं गाणं स्टुडिओत आणून ते मुद्दाम मागे खेचायचं तर बेस आणि ड्रम यांना दोन ठोक्यांमधली शांतता भरून न काढता सोसावी लागते. हिगुची आणि यागामी, दोघे भाऊ, ती सोसतात. आणि त्या शांततेत साकुराई काय करतो ते ऐका. ओळ संपल्यावरही आवाज सोडत नाही, श्वास ऐकू येऊ देतो. १९८८ मध्ये हे जमलं नसतं. गळ्याची तयारी हा त्याचा एक भाग झाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माइकच्या इतक्या जवळ जाऊन उघडं पडायची हिंमत.

'ओरिएंटल लव्ह स्टोरी'चंही याच वळणाने भलं झालं. या गाण्याला मोकळी हवा हवी होती आणि ती आता मिळाली. दोन गिटारवादकांची वाटणी इथे नीट ऐका: एक जण सरळ, स्वच्छ स्वर धरून ठेवतो, दुसरा कडेकडेने विचित्र वाकडे आवाज काढतो. होशिनो-इमाई जोडीची पुढच्या तीस वर्षांची कामाची पद्धत हीच आहे. मिक्स करणाऱ्यासाठी अशी जोडी म्हणजे चैन. दोन गिटार एकाच पट्ट्यात एकाच गोष्टीसाठी भांडत नसतील तर निम्मं काम आधीच झालेलं असतं.

'मूनलाइट' मूळ 'हरी अप मोड'मधलं, म्हणजे सगळ्यांत जुन्या थरातलं. रचनेतल्या बदलापेक्षा इथे मला गायकाच्या उच्चारांत रस आहे. जुन्या रेकॉर्डवर तो त्या काळच्या जपानी पंक-न्यू वेव्ह गायकांसारखा शब्द चावून, ठेचून म्हणतो. नव्यावर तो शब्द पूर्ण उघडतो. पाच वर्षांत माणसाने स्वतःचा आवाज शोधला याचा इतका स्वच्छ पुरावा सहसा मिळत नाही, कारण सहसा गायक तेच गाणं दोनदा देत नाहीत.

आता जिथे मी जुन्याची बाजू घेईन ते गाणं: 'जस्ट वन मोअर किस'. या गाण्यात घाई हाच आशय आहे. मूळ रेकॉर्डिंग पातळ आहे, ड्रमवरचा घुमारा ऐंशीच्या दशकातला आणि आज थोडा हास्यास्पद, पण गाणं धापा टाकत पळतं आणि म्हणूनच ते त्या वयाचं आहे. १९९२ ची आवृत्ती सर्व अंगांनी अधिक चांगली वाजवलेली आहे, आणि त्यानेच तिचं थोडं नुकसान केलं. बँडने हेच गाणं २०२१ मध्ये पुन्हा रेकॉर्ड केलं, आणि ते मला १९९२ पेक्षा जास्त आवडतं. पन्नाशी ओलांडलेला माणूस त्या गाण्याकडे हसून पाहतो आहे, धावण्याचा आव आणत नाही. सव्विसाव्या वर्षी ते अंतर पडलेलं नव्हतं.

'कुरुत्ता तायो'मधली 'स्पीड', 'ज्युपिटर', 'एम. ए. डी.' ही गाणी तर जेमतेम वर्षभर जुनी होती. तीही पुन्हा केली. यावर चाहत्यांत वाद आहे, पण मला त्यामागचा तर्क पटतो. ती मूळ रूपात ठेवली असती तर अल्बमला दोन काळ पडले असते. सगळीच एका वर्षाच्या हाताने वाजली म्हणून तो एकसंध आहे. ऐकताना मात्र या तीन गाण्यांत उडीची अपेक्षा करू नका.

त्याच वर्षी सप्टेंबरात योकोहामा अरीनामध्ये 'क्लायमॅक्स टुगेदर' हा कार्यक्रम झाला आणि त्याचा व्हिडिओही निघाला. अल्बम आवडला असेल तर तो नक्की पाहा. नव्या रचना हजारो लोकांसमोर कशा उभ्या राहतात ते दिसतं, आणि १९९३ च्या जड, गडद अल्बमकडे बँड कसा वळला तेही.

आता थोडं कामाच्या खोलीतलं. लोक मला विचारतात की जुनं गाणं पुन्हा रेकॉर्ड करताना नेमकं काय बिघडतं. सगळ्यांत पहिली गोष्ट: जुनी रेकॉर्ड स्टुडिओतल्या स्पीकरवर वाजवणं. एकदा का ती वाजली की प्रत्येक जण नकळत तिच्याशी हुज्जत घालायला लागतो. ड्रमर तीच भरणी 'आता नीट' वाजवतो, गायक तीच किंकाळी 'आता सुरात' मारतो. तयार होतं ते जुन्याचं दुरुस्त केलेलं रूप, आणि ते कोणालाच नको असतं. माझी पद्धत अशी की जुनी रेकॉर्ड आठवडाभर आधीपासून बंद. गाणं आज मंचावर जसं वाजतं तसं एकदा सलग रेकॉर्ड करायचं आणि तिथून पुढे जायचं. पट्टी कुठली, लय कुठली, हे आजच्या गळ्याने ठरवायचं. पट्टी उतरवायला गायक लाजतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण गिटारच्या मोकळ्या तारांचा नाद बदलतो आणि कधी कधी गाण्याचा जीव त्या मोकळ्या तारेतच असतो, हे पाहून घ्यावं लागतं.

दुसरी अडचण नव्या साधनांची. स्टुडिओत ट्रॅक वाढले की भरायचा मोह होतो. सोनीचं ४८ ट्रॅकचं डिजिटल टेपयंत्र १९८९ मध्ये बाजारात आलं, आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या जपानी रॉक रेकॉर्डवर थरांची गर्दी ऐकू येते. 'कोरोशी नो शिराबे' काही ठिकाणी त्या गर्दीच्या काठावर आहे, पण पडत नाही.

बाकीच्या जपानी बँडबद्दल थोडक्यात. हे लोण पुढे बरंच पसरलं. लुना सीने १९९१ चा आपला पहिला अल्बम २०११ मध्ये संपूर्ण पुन्हा रेकॉर्ड केला आणि २०२३ मध्ये 'मदर' व 'स्टाइल' हे नव्वदच्या दशकातले दोन अल्बम. एशियन कुंग-फू जनरेशनने २००४ चा 'सोल-फा' २०१६ मध्ये नव्याने वाजवला. त्यातल्या 'रीराइट' या गाण्यामुळे अ‍ॅनिमे पाहणाऱ्यांना तो माहीत असतो. मुक (MUCC) या बँडने तर २०१७ मध्ये आपल्या पुन्हा रेकॉर्ड केलेल्या गाण्यांच्या संग्रहाला 'कोरोशी नो शिराबे २' असंच नाव दिलं, उपशीर्षकासकट. थोरल्यांना केलेला हा उघड नमस्कार.

पण या सगळ्यांत आणि बक-टिकमध्ये एक मोठा फरक आहे, तो म्हणजे मधल्या वर्षांचा. बारा, वीस, सत्तावीस वर्षांनी पुन्हा रेकॉर्ड करणं हे मागे वळून पाहणं असतं. वादक तयार असतात, यंत्रं उत्तम असतात, श्रोताही हळवा होऊन आलेला असतो. 'सोल-फा' हा त्यातला मला सर्वांत पटणारा प्रयत्न, कारण मूळ रेकॉर्डिंगचा दाबलेला आवाज खरोखरच गाण्यांच्या आड येत होता. बक-टिकने मात्र हे पंचविशीत, चढावर असताना केलं. मागे पाहायला त्यांच्यापाशी फारसा मागचा रस्ताच नव्हता. म्हणून तिथे हळवेपणा औषधालाही नाही. विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाची वही फाडून नवी करावी, तसा प्रकार आहे.

आणि आज त्याला आणखी एक बाजू आली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये योकोहामात कार्यक्रम सुरू असताना साकुराईची प्रकृती बिघडली आणि त्याच रात्री त्याचं निधन झालं. उरलेल्या चौघांनी बँड थांबवला नाही. २०२४ च्या डिसेंबरात 'सुबुरोसा' आला, इमाई आणि होशिनोच्या आवाजात. त्यामुळे एकाच गाण्यातला विशीचा साकुराई आणि सव्विशीचा साकुराई शेजारी शेजारी ऐकण्याची सोय ज्या मोजक्या ठिकाणी आहे, त्यात हा अल्बम पहिला.

आता ऐकायचं कसं. दोन आवृत्त्यांची तुलना करताना कान सर्वांत आधी मोठ्या आवाजाला फसतो. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक असला तरी मोठं वाजणारं रेकॉर्डिंग 'अधिक भरदार', 'अधिक स्वच्छ' वाटतं, आणि आपल्याला कळतही नाही की फरक फक्त बटणाचा आहे. २००२ चे रीमास्टर जुन्या सीडींपेक्षा मोठ्याने वाजतात. म्हणून आधी दोन्ही आवृत्त्या अशा लावा की साकुराईचा आवाज दोन्हींत सारख्या जोराने ऐकू येईल. ड्रमवर पातळी जुळवू नका, कारण ड्रमच तर बदलले आहेत. अ‍ॅपमधली आपोआप पातळी सारखी करणारी सोय चालू असेल तर तपासून घ्या. ती काही वेळा संपूर्ण अल्बमचा हिशेब करते, एका गाण्याचा नाही.

क्रम सांगायचा तर 'व्हिक्टिम्स ऑफ लव्ह'पासून सुरुवात करा: आधी १९८८ चं, मग १९९२ चं. पहिल्या खेपेला फक्त बेस आणि ड्रमकडे लक्ष द्या, दुसऱ्या खेपेला फक्त ओळींच्या शेवटांकडे. मग 'आयकॉनोक्लाझम'. त्यानंतर 'आकु नो हाना'च्या तिन्ही आवृत्त्या, आणि त्यात २०१५ चं मिक्स शेवटी ठेवा, कारण तोवर कुठला फरक वाजवण्याचा आणि कुठला मिक्सचा हे ओळखायला कान तयार झालेला असेल. 'जस्ट वन मोअर किस' सगळ्यांत शेवटी, १९८८, १९९२, २०२१ अशा ओळीने. हेडफोन चालतील, फोनचा स्पीकर नको. या अल्बममध्ये जे बदललं ते बरंचसं खालच्या पट्ट्यात आहे आणि फोनच्या स्पीकरला तो पट्टा वाजवताच येत नाही.